आकाशाचा नाण्याएवढा तुकडा

१

पहिलं बक्षीस मिळालेल्या फोटोच्या कुणीतरी चिंध्या केल्या होत्या.

सकाळी साडेआठला चिटणीसबाईंचा फोन आला तेव्हा माझ्या दुकानाचं शटर अर्धंच वर गेलं होतं. "ताई, आहात तशा या," एवढंच म्हणाल्या. आमच्या छायाचित्र मंडळाचं प्रदर्शन दुसऱ्या दिवशी उघडणार होतं. भिंतीवरचा एकूण एक फोटो मी छापलेला. शटर तसंच खाली ओढलं.

सभागृहात पोचले. समोरच्या भिंतीवर चार फुटी कॅनव्हास होता, म्हणजे लाकडी चौकट होती आणि तिला लोंबणाऱ्या पट्ट्या होत्या. डोंगरातलं तळं, मागे दोन सुळके, वर पेटलेलं आकाश. सगळं उभं-आडवं फाडलेलं. खाली जमिनीवर पडली होती कात्री-पट्टीच्या पेटीतली धारदार सुरी, लाल मुठीची. ती कुणाची हे मंडळात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं.

"भूगोल सरांची," रखवालदार खाली बघत म्हणाला.

भूगोल सर म्हणजे मंडळाचे सर्वांत जुने सभासद. शाळेत मला भूगोल त्यांनीच शिकवला आणि उन्हाळी सुट्टीत कॅमेराही त्यांनीच हातात दिला. सरांचा एकच हट्ट होता. कॅमेऱ्यानं दिलं ते घ्यायचं, नंतर संगणकावर रंग ओतायचे नाहीत. आकाशात धुळीचा डाग आला तर तोही पुसायचा नाही. आणि हा फाटलेला फोटो ज्याचा, ज्याला मंडळात सगळे उस्ताद म्हणतात, तो म्हणजे नेमकं दुसरं टोक. त्याच्या फोटोतलं गवत इतकं हिरवं असतं की माझी शाई आठवडाभर पुरत नाही.

निकालाच्या सभेत सर सगळ्यांसमोर कडाडले होते, "हा फोटो नाही, रंगवलेला पत्रा आहे! आणि असं तळं कुठं नाहीच मुळी. या भागातले डोंगर मी चाळीस वर्षं पायाखाली घातलेत."

उस्ताद तेव्हा नुसता हसला होता. जागेचं नाव मात्र त्यानं सांगितलं नव्हतं.

"पाच वाजता कार्यकारिणी बसतेय," चिटणीसबाई म्हणाल्या. "सरांचं नाव सभासदांतून काढायचं आणि पोलिसांत तक्रार द्यायची. उस्तादांनी तसं लिहूनच दिलंय."

माझ्या हातात आठ तास होते. मी पट्ट्या गोळा केल्या, एका चादरीत बांधल्या आणि निघाले.

२

सर घरीच होते. सरांच्या पत्नी, आमच्या बाई, गेल्यापासून ते घर मला नेहमी जरा जास्तच नीटनेटकं वाटतं. दोन खुर्च्या समोरासमोर, एकीवर उशी तशीच.

"सर, रखवालदार म्हणतो, तुम्ही काल परत सभागृहात गेला होतात?"

"चष्मा विसरलो होतो. आठ वाजता किल्लीनं उघडलं, टेबलावरून चष्मा घेतला, कुलूप लावलं. रखवालदारानं पाहिलं मला."

"आणि फोटो?"

"त्यावर कापड होतं. मी कशाला बघू? दिवसभर डोळ्यांना पुरेसा त्रास झाला होता."

"सर, थट्टा नको. तुमचं नाव काढतायत."

"काढू देत." त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "एकतीस वर्षांत मी कुणाचा एक कागद दुमडला नाही. हे ज्यांना सांगावं लागतं, त्यांच्यात बसून तरी काय करू?"

आवाज ताठ होता, पण चष्मा पुसणं चालूच होतं. बाईंच्या आजारपणानंतर सरांना घराबाहेर काढणारी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे मंडळाची दर शनिवारची बैठक. ती गेली तर हा माणूस त्या दोन खुर्च्यांच्या मध्ये बसून राहील, हे मला स्पष्ट दिसत होतं. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला.

"पोरी, तुला काय वाटतं?" सरांनी विचारलं. मी पन्नाशीची झाले तरी त्यांची पोरीच.

"तुम्ही केलं असतं तर फोटो खाली काढून, घडी घालून, वर चिठ्ठी लावून ठेवला असता," मी म्हटलं. "त्यात शुद्धलेखनाच्या चुकाही दाखवल्या असत्या."

सर हसले नाहीत, पण चष्मा पुसायचं थांबले.

३

दुकानात मोठ्या टेबलावर मी चादर सोडली आणि पट्ट्या जुळवायला बसले. कॅनव्हास फाटला की त्याचे धागे सुटतात. धाग्याला धागा लावत गेलं की चित्र परत उभं राहतं. तासाभरात तळं जुळलं, सुळके जुळले. डाव्या काठाजवळच्या पाण्यात एक लाल रेघ होती, तीही जुळली. छापताना मी उस्तादला विचारलं होतं, ही रेघ कसली? तो म्हणाला होता, "पहाटेचा रंग, ताई. परीक्षकांना तेच लागतं."

शेवटी आकाश जुळवलं आणि डाव्या वरच्या कोपऱ्यात बोट अडलं. तिथं भोक होतं. नाण्याएवढं, गोल, कडा स्वच्छ कापलेल्या. बाकी सगळीकडे ओरबाडल्यासारखे वार, आणि इथं कुणीतरी जीव ओतून, सावकाश सुरी फिरवली होती. चादर झटकली, सभागृहात फोन करून जमीन बघायला लावली. तुकडा नव्हता.

रागावलेला माणूस फोटो फाडतो हे मला समजतं. पण रागावलेला माणूस आकाशाचा एक तुकडा कापून खिशात घालून घरी का नेईल?

मी रखवालदाराला परत फोन लावला. "काल सर निघाल्यावर फोटोजवळ कोण होतं?"

"सर सहाला गेले. मग उस्ताद होते, दिवे नीट लावत होते. मला म्हणाले, मागच्या खोलीतून शिडी घेऊन ये. शिडी मिळायला पंधरा मिनिटं लागली. आलो तर त्यांनी फोटोवर जमिनीपर्यंत कापड टाकलेलं, चारी बाजूंनी टाचण्या मारलेल्या. म्हणाले, उद्घाटनापर्यंत कुणी बघायचा नाही. मग बाहेर पडलो दोघं."

"आणि सकाळी कापड?"

"तसंच की. टाचण्यांसकट. चिटणीसबाईंनीच काढलं ना, झाडायला म्हणून, तर खाली सुरी."

मी फोन ठेवणार होते, तेवढ्यात तो म्हणाला, "पण ताई, सरांचं काही खरं नाही. सहा वाजता जायच्या आधी ते त्या फोटोपुढं उभे राहून बोट दाखवून हसत होते. उस्तादांचं तोंड एवढंसं झालं होतं."

"बोट कुठं दाखवत होते?"

"वर. डाव्या कोपऱ्यात."

४

सरांना फोन लावला. उचलेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.

"सर, काल डाव्या कोपऱ्यात बोट दाखवून काय म्हणालात?"

"अगं, काही नाही. आकाशात केसासारखा डाग होता. म्हटलं, उस्ताद, एवढा रंग चोपडलास आणि केस पुसायला विसरलास? माझ्या कॅमेऱ्यासारखाच तुझाही मळका दिसतोय!"

दुकानाचं दार वाजलं म्हणून मी फोन ठेवला. दारात उस्ताद उभा होता. चाळिशीचा, देखणा, बोलायला गोड. हातात पेनड्राइव्ह.

"ताई, साडेचारच्या आत नवा छापून भिंतीवर लावाल? नवीन फाइल आणलीय. रंग जरा सुधारलेत."

"जुनी आहे की माझ्याकडे. तीच छापते."

"नको, नको. जुनी काढूनच टाका." तो टेबलाशी आला. जुळवलेल्या पट्ट्यांवर मी अगोदरच चादर ओढली होती. "आत्ताच काढा ना. नाहीतर चुकून तीच छापली जायची."

तो माझ्या खांद्यामागे उभा राहिला. फोटो ज्याचा, हुकूम त्याचा, हा आमच्या धंद्याचा नियम. मी जुनी फाइल काढून टाकली. त्यानं संगणकातली कचऱ्याची पेटीही रिकामी करायला लावली आणि मगच हसून निघून गेला.

नवी फाइल उघडली. तेच तळं, तेच सुळके, तीच लाल रेघ. रंगात तसूभर फरक नव्हता. फरक फक्त एका जागी होता. डाव्या कोपऱ्यातलं आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं.

आणि तिथं आधी काय होतं, हे दाखवणारी फाइल मी दोन मिनिटांपूर्वी माझ्या हातानं पुसली होती.

५

उस्ताद माझ्याकडे सहा वर्षं फोटो छापतोय, पण छपाईच्या खोलीत कधी आलेला नाही. शाईचा वास सोसत नाही त्याला. म्हणून त्याला माझी एक सवय माहीत नव्हती. मोठा फोटो छापायच्या आधी मी त्याच्या आकाशाची वीतभर उंचीची, पूर्ण रुंदीची पट्टी पातळ कागदावर छापून बघते. छपाई बिघडली तर शाईच्या रेघा आधी आकाशात उमटतात. आणि बघून झालं की पट्टी फेकवत नाही. गुंडाळी करून, मागं तारीख टाकून पिंपात ठेवते. नवरा त्या पिंपाला माझी स्मशानभूमी म्हणतो.

पट्टी सापडली. भिंग लावलं. डाव्या कोपऱ्यात, लालबुंद ढगाच्या कडेला डाग होता. बारीक केसाचा तुकडा, टोकाला ठिपका, स्वल्पविरामासारखा वाकलेला. फिकट आकाशात तो कुणाला दिसलाही नसता. रंग इतके ताणले होते की त्यांच्याबरोबर डागही काळाभोर झाला होता.

सरांच्या कॅमेऱ्यातही असाच केस आहे, तीन वर्षांपासून. कॅमेऱ्याच्या आत बसलेला केस प्रत्येक फोटोत त्याच जागी उमटतो. मी सरांना किती चिडवलंय त्यावरून. धावत जाऊन मी मागच्या कपाटातून त्यांचे तीन जुने फोटो काढले, डोंगराचे, नदीचे, शेताचे. तिन्हींत डाग होता.

पण तो उजव्या कोपऱ्यात होता, आणि वाकलेला विरुद्ध बाजूला.

मी घड्याळ पाहिलं. दोन वाजले होते. सगळा डाव तिथंच मोडला. डावा तो डावा आणि उजवा तो उजवा, कार्यकारिणी मला हसून बाहेर काढेल.

मग सरांचं वाक्य आठवलं. असं तळं कुठं नाहीच. सरांशी माझे शंभर बाबतीत मतभेद आहेत, पण डोंगराच्या बाबतीत हा माणूस कधी चुकल्याचं मी पाहिलेलं नाही. ते नाही म्हणतात म्हणजे ते तळं नाही. मग फोटो आला कुठून?

आरशात दिसणारी खोलीसुद्धा कुठं नसते.

मी पट्टी उचलली, पालथी केली आणि खिडकीच्या काचेवर दाबून धरली. उन्हात कागद आरपार दिसू लागला. डाग उजवीकडे आला, वाकडा केस सुलटा झाला. फूटपट्टीनं मोजलं. कडेपासून रुंदीचा बरोबर आठवा भाग, सरांच्या तिन्ही फोटोंत होता तेवढाच.

नवा कॅनव्हासही मी छापायला लावला; तो भिंतीवर दिसला नसता तर उस्ताद सावध झाला असता.

६

पाचला सगळे जमले. अध्यक्ष नव्हते, म्हणून चिटणीसबाईच खुर्चीत होत्या. उस्ताद पुढच्या रांगेत. सर सगळ्यात मागे, टोपी मांडीवर. भिंतीवर नवं कोरं तळं झगमगत होतं.

"ठरावाच्या आधी मला दहा मिनिटं हवीत," मी म्हटलं. "फाडलेल्या फोटोतून एक तुकडा गायब आहे. डाव्या कोपऱ्यातला, नाण्याएवढा. सरांना राग रंगांचा होता, तर त्यांना तो तुकडा घरी नेऊन काय करायचा होता?"

चिटणीसबाईंनी ठरावाचा कागद बाजूला ठेवला.

"आठ वाजता सर आले तेव्हा फोटोवर कापड होतं. सकाळीही टाचण्यांसकट तसंच होतं. चिडून फोटो फाडणारा माणूस नंतर वीस टाचण्या परत मारत बसतो का? फोटो कापडाखाली आधीच फाटलेला होता. आणि कापड टाकलं कुणी?"

"मी टाकलं," उस्ताद हसला. "म्हणजे मीच माझा फोटो फाडला? माझा, बक्षीस मिळालेला? ताई, काय बोलताय?"

"त्या तुकड्यावर एक डाग होता. काल सहाला सर म्हणाले, माझ्या कॅमेऱ्यासारखाच डाग आहे. सरांनी थट्टा केली. तुम्हाला मात्र कळलं, की आज नाही तर उद्या सर घरी जाऊन जुने फोटो काढतील. नुसतं भोक पाडलं असतं तर सगळ्यांनी विचारलं असतं, इथं काय होतं? म्हणून भोवती वार केले. सुरी सरांच्या पेटीतली; फोटो टांगायला आणलेली ती पेटी सर इथंच ठेवून गेले होते."

"डाग, डाग! दाखवा कुठाय तो."

मी पट्टी उलगडली. त्याचा चेहरा उतरताना मला दिसला. मी ती खिडकीच्या काचेला पालथी चिकटवली, शेजारी सरांचे तीन फोटो लावले. चिटणीसबाई उठून आल्या, चष्मा वर करून एकेक डाग बघत गेल्या. ठिपका, केस, वाक. चौथ्यांदा बघून झाल्यावर त्यांनी उस्तादकडे तोंड वळवलं.

"हा फोटो सरांच्या कॅमेऱ्यातून निघालाय?"

"केस काय, कुणाच्याही कॅमेऱ्यात पडतो," तो म्हणाला. पण आवाज फाटला होता. "सरांनी काढला असता तर सरांनी ओळखला नसता? विचारा त्यांना! त्यांनीच याला पत्रा म्हटलं!"

मी लॅपटॉप उघडला, त्याचीच नवी फाइल लावली आणि डावं-उजवं उलटं केलं. मग रंग उतरवत नेले. आकाश निवळलं, गवत गवतासारखं झालं.

"सर, पुढं या."

सर आले. वाकले. चष्मा वर सरकवून पडद्याच्या आणखी जवळ गेले.

"हे आमचं तळं आहे," ते म्हणाले.

७

"हिच्या आजारपणातली शेवटची सहल," सर हळूच म्हणाले. "माझ्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू. पडद्यावर धड दिसत नव्हतं. कॅमेऱ्यातलं कार्ड याच्याकडे दिलं. हा म्हणाला, सर, सगळे फोटो पांढरेफटक आलेत, एकही धड नाही. मी म्हटलं, जाऊ दे. दोन महिन्यांत ही गेली."

त्यांचं बोट पडद्यावर सरकत पाण्यातल्या त्या लाल रेघेवर थांबलं.

"ही छत्री आहे."

मी रेघेच्या वरचा काठ मोठा करून पाहिला. तिथं दगड होता, आणि दगडावर गवत होतं, एकाच गवताच्या तीनदा चिकटवलेल्या प्रती. काठावर काही नव्हतं. पाण्यात मात्र छत्रीचं प्रतिबिंब राहून गेलं होतं, आणि रंग वाढवताना तेच सगळ्यात जास्त पेटलं होतं.

"काकू कोपऱ्यात बसल्या होत्या," उस्ताद खाली बघत म्हणाला. "फ्रेम मोकळी हवी होती."

सरांच्याच घरी तो कॅमेरा शिकला होता. या काकूंच्या हातचं जेवला होता. मी आयुष्यात कुणावर हात उचलला नाही, त्या दिवशी उचलला असता. पण सर फक्त एवढंच म्हणाले, "मूळ फाइल आहे का रे?"

"आहे, सर."

"ती दे. बाकी तुझं तू बघ."

ठरावातलं नाव बदललं. दुसऱ्या दिवशी भिंतीवरची ती जागा रिकामी होती, आणि चिटणीसबाईंनी तिथं काही लावायला ठाम नकार दिला.

शनिवारी बैठक झाल्यावर सर माझ्या दुकानात आले. मी मूळ फाइल पडद्यावर लावली. फिकट सकाळ, दोन सुळके, उजव्या कोपऱ्यात केस. काठावरच्या दगडावर लाल छत्री, तिच्या खाली बाई. चेहरा अंधारात होता, नुसती हनुवटी कळत होती.

सर खुर्ची पुढं ओढून बसले.

"पोरी," ते खाकरले. "ते तुझं यंत्र... चेहरा थोडा उजळ करता येतो का?"

चिडवायची एवढी मोठी संधी परत आली नसती, पण मी ती सोडून दिली. छत्रीखालचा भाग निवडला आणि उजेड हळूहळू वाढवत नेला. आधी गाल आला, मग डोळे. बाई कॅमेऱ्याकडे बघून, मला ठाऊक होत्या तशाच, कंटाळून हसत होत्या.

सरांनी डोळ्यांवरून हात फिरवला. चेहरा मनसोक्त पाहून घेतला.

"आता पहिल्यासारखं कर," ते म्हणाले.

"सर, राहू दे ना. छान दिसतायत."

"औषधांमुळे तिला ऊन सोसत नव्हतं. सावली पडेल अशी जागा शोधायला अर्धा तास घालवला होता बिचारीनं." ते उठले, टोपी घातली. "बसू दे तिला सावलीत. तसाच छाप."

मी तसाच छापला. केसासकट.